जगलेली करडं मोजा

धाराशिव, तुळजापूर, लातूर, उदगीर हा सगळा पट्टा पावसाच्या भरवशावर जगणारा. खरिपात सोयाबीन, तूर, उडीद. रब्बीत ज्वारी, हरभरा. आणि उन्हाळ्यात बहुतेक रानं मोकळी. या पट्ट्यानं उस्मानाबादी शेळी घडवली. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, जातीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलं आहे. रंगानं बहुतेक काळीभोर, पायांनी उंच, कान लोंबते, आणि पूर्ण वाढलेली शेळी वजनाला तीस-बत्तीस किलोच्या आसपास. उन्हात मैलभर चालते, काटेरी बोरीवर जगते आणि बऱ्याचदा जुळी देते.

दोन-तीन एकरांच्या घरी अशा चार-पाच शेळ्या असल्या की घराला पुष्कळ काही मिळतं. सकाळच्या चहाला आणि लहान लेकराला दूध होतं. ज्वारीच्या रानाला लेंडीखत होतं. पेरणीच्या तोंडाला बियाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी, दवाखान्यासाठी नड पडली तर एखादा बोकड काढता येतो. गाय-म्हैस अशी गरजेपुरती विकता येत नाही. शिवाय शेळी बहुतेक घरांत बाईच्या हाताखाली असते. शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी शेळीचा पैसा बऱ्याच ठिकाणी तिच्या हातात राहतो. ज्यांना शेळी विकत घेणं परवडत नाही, त्या बायका दुसऱ्याची शेळी वाट्यानं सांभाळतात आणि होणाऱ्या करडांतला अर्धा हिस्सा घेतात. अनेक भूमिहीन घरांची पहिली शेळी अशीच दारात येते.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८९ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात होत्या. त्यांतल्या बहुतेक अशाच दोन-चारच्या हिशोबानं दाराशी बांधलेल्या असतात. आपल्याकडची शेळीपालनाची चर्चा मात्र शंभर शेळ्यांच्या शेडभोवती आणि ऐंशी-नव्वद किलोच्या बोकडाच्या फोटोभोवतीच फिरते. लहान शेतकऱ्यानं वर्षाच्या शेवटी पाहायचा आकडा वेगळा आहे, असं मला ठामपणे वाटतं: एका शेळीमागं तीन महिन्यांची होऊन धडधाकट उभी असलेली करडं किती?

हिशोब करून पाहू. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. नीट सांभाळली तर ती दोन वर्षांत तीनदा विते. पाच शेळ्यांची दोन वर्षांत पंधरा वेतं झाली आणि त्यांतली निम्मी जुळी धरली, तर बावीस-तेवीस करडं होतात. त्यांतली एक तृतीयांश दगावली तर उरतात पंधरा. गेलेल्या सात-आठ करडांसाठी आयांनी पाच-पाच महिने खाल्लेला चारा आणि घातलेला खुराक खर्ची पडलेलाच असतो. बोकडाचं वजन दोन-तीन किलोंनी वाढवायला लागणारा पैसा आणि ही सात-आठ करडं वाचवायला लागणारा पैसा शेजारी मांडला, तर दुसरा फार थोडा निघतो. त्यात खर्च पैशापेक्षा लक्ष देण्याचा जास्त आहे.

जातीचा प्रश्नही याच नजरेनं पाहावा. अहिल्यानगर, नाशिक, पुणे भागात संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गाच्या पावसात कोकण कन्याळ, आणि मराठवाड्यात उस्मानाबादी. प्रत्येक जात आपापल्या हवापाण्याला मुरलेली आहे. कोरड्या पट्ट्यातली शेळी कोकणच्या पावसात नेली की खुरं आणि फुप्फुसं आधी बोलू लागतात. दक्षिण आफ्रिकेतली बोअर ही खास मांसासाठी निवडत आणलेली जात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ती आपल्याकडं आणली आणि शेळ्यांच्या कृत्रिम रेतनावर मोठं काम केलं. बोअरचा संकर वजन लवकर धरतो, हे खरं आहे. पण तो तितका खुराकही मागतो. ज्या घराचा चारा बांधावरचा पाला आणि तुरीचा भुसा एवढाच आहे, त्या घरानं आपल्या भागातल्या जातीतली चांगली शेळी शोधणं शहाणपणाचं.

चांगली म्हणजे कोणती? इथं दूध आणि मांस हे दोन वेगळे उपयोग आहेत, असं मानण्याची चूक होते. ज्या शेळीला दूध कमी, तिच्या जुळ्यांतलं एक करडू मागं पडतं. ते खंगतं आणि पहिल्याच आजारात जातं. भरपूर दुधाची शेळी दोन्ही करडं सारखी वाढवते आणि तेच दूध चार महिन्यांनी बाजारात मांस म्हणून उभं राहतं. म्हणून शेळी घेताना नुसती अंगापिंडानं भरलेली पाहू नये. कास मऊ आहे ना, दोन्ही सड सारखे आणि मोकळे आहेत ना, हे हात लावून बघावं, आणि जमलं तर ती व्यालेली असताना दूध काढून बघावं. दात तर पाहायचेच: दोन दाती म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची, चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपासची. दात जुळून झिजलेली शेळी कितीही स्वस्त मिळाली तरी चार काटक्या खायलाही तिला कष्ट पडतात.

आता विण्याची वेळ. कास तटतटते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात, शेळी कळपातून बाजूला होऊन पायानं जमीन उकरते. करडू बाहेर आलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसावा आणि त्याला आईपुढं ठेवावं, बाकी चाटून कोरडं करायचं काम तिचं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावं, कारण ओली नाळ ही जंतू आत शिरायची उघडी वाट असते. मग सडाची पहिली धार हातानं काढून टाकावी. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो; तो तसाच राहिला तर अशक्त करडू ओढत राहतं आणि पोटात काही जात नाही.

यापुढचा एक तास सगळ्यात मोलाचा. अजूनही कित्येक घरांत वार पडल्याशिवाय करडाला पाजत नाहीत. हा समज करडांचा जीव घेतो. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून रोगांशी लढणारी काही प्रथिनं मिळालेली असतात. शेळीच्या वारेची रचना अशी की ही मोठी प्रथिनं तिच्यातून पलीकडं जातच नाहीत. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात हे संरक्षण जवळपास नसतं. ते सगळं चिकात असतं. आणि ते पचून न जाता जसंच्या तसं रक्तात शोषून घेण्याची करडाच्या आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांतच भराभर ओसरते. दिवस उलटला की जवळपास संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, पण पहिल्या तासाचं काम करत नाही. मोजमाप सोपं आहे: पहिल्या चोवीस तासांत करडाच्या वजनाच्या एक दशांश चीक. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, तोही चार-पाच वेळा विभागून. जुळ्यांतलं दांडगं करडू आधी पितं आणि बारकं मागं राहतं, म्हणून बारक्याला धरून पाजावं. वार पडायची तेव्हा पडेल. करडानं सड ओढल्यानं ती पडायला मदतच होते.

घरासाठी दूध काढायचं ते करडांचं पोट भरून उरलेलं. उस्मानाबादी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर देते. शेळीचं दूध गाईच्या दुधासारखं पिवळसर दिसत नाही, कारण चाऱ्यातलं पिवळं कॅरोटीन शेळीच्या शरीरात जवळपास सगळं अ जीवनसत्त्वात बदलून जातं. महात्मा गांधींनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. १९१९ च्या सुरुवातीला आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, तेव्हा शेळीचं दूध घ्यायला हरकत नसावी; आणि तिथून ते दूध त्यांच्या आहारात आलं. या दुधाभोवती औषधी गुणांच्या पुष्कळ कथा फिरतात. पचायला ते अनेकांना हलकं वाटतं, पण त्यात फोलिक आम्ल फार कमी असतं, त्यामुळं तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवू नये.

आणि ते कच्चं पिऊ नये. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउतार होणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, आणि १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या माल्टीज डॉक्टरांनी दाखवून दिलं की तो दिसायला निरोगी असलेल्या शेळ्यांकडून येतो. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं तशी साथ ओसरली. तो जंतू म्हणजे ब्रुसेला, आणि तो आपल्याकडच्या कळपांतही आहे. दूध उकळलं की तो मरतो. पण शेळीनं गाभ टाकला की घरातली बाई उघड्या हातानं ते सगळं उचलते, आणि खरा धोका तिथं आहे. हातात मोजे नसतील तर निदान प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी, पडलेला गाभ आणि वार खोल पुरावी, कुत्र्यापुढं टाकू नये. आणि एकापाठोपाठ दोन शेळ्यांनी गाभ टाकला तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

चाऱ्याकडं वळू. शेळीला गाईसारखं सपाट कुरण लागत नाही. तिचा वरचा ओठ हलता आणि नेमका असतो, काट्यांमधून पान उचलणारा. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती फांदी ओरबाडते आणि दिवसभरात कितीतरी झाडांचा थोडाथोडा पाला खाते. खाली पडून तुडवलेला चारा ती हुंगून सोडून देते. लोक याला नखरा म्हणतात, पण या सवयीत तिचं संरक्षण आहे, ते पुढं येईलच. म्हणून पाल्याच्या पेंड्या तिच्या डोक्याच्या उंचीला टांगाव्यात किंवा गव्हाण उंच करावी.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे एक ते सव्वा किलो कोरड्या वजनाइतका चारा लागतो. म्हणजे व्यवहारात तीन-चार किलो हिरवा पाला आणि त्याला जोड म्हणून तुरीचा भुसा, हरभऱ्याचं कुटार, भुईमुगाचा पाला. गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात आणि व्याल्यावर मूठ-दोन मुठी भरडा वाढवावा, कारण पोटातल्या करडाची बहुतेक वाढ याच शेवटच्या काळात होते. बांधावर शेवरी, हादगा, तुती लावली की उन्हाळ्यातही हिरवं मिळतं. बाभळीच्या शेंगा तर फुकटच. कोवळ्या, पाण्याला ताणलेल्या ज्वारीपासून मात्र जपावं. त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि किराळ लागून जनावर तासाभरात जातं.

सुबाभळीची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या पानांत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. जास्त खाल्लं की केस गळतात, गलगंडासारखी सूज येते. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा, पण हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊन खुशाल होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञांनी याचं कारण शोधलं. त्या शेळ्यांच्या पोटात हे विष मोडणारे जिवाणू होते. तिथल्या शेळ्यांच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिल्यावर त्यांनाही सुबाभूळ सोसू लागली. पुढं त्या जिवाणूच्या नावात जोन्स यांचं नाव आलं. आपल्याकडं साधा नियम पाळावा: सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत, आणि हळूहळू सवय लावून.

आता जंतांचा विषय. करडं दगावण्याखालोखाल कळपाचं सर्वात जास्त नुकसान इथं होतं आणि ते दिसत नाही. शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस हा जंत रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर. एवढंसं वाटतं, पण पोटात हजार जंत असले तर रोजचं ५० मिलिलिटर रक्त गेलं, आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीतून जमिनीवर येतात, पावसाळी ओलीत त्यांच्या अळ्या होतात आणि दंवभिजल्या गवतावर बोटभर वर चढून बसतात. झुडपाचा पाला खाणारी शेळी या अळ्यांच्या वरच्या उंचीवर खाते, म्हणून मोकळ्या रानात तिला जंत कमी होतात. याच कारणानं तिच्या अंगात जंतांविरुद्धची ताकद मेंढीइतकी तयार झालेली नाही. मग आपण तिला जागेअभावी एकाच हिरव्या तुकड्यावर रोज चारतो, गवत जमिनीलगत खायला लावतो, आणि तिचा एकुलता बचाव काढून घेतो. पावसाळ्यात दंव उतरेपर्यंत शेळ्या सोडू नयेत, हा जुन्या गुराख्यांचा दंडक म्हणूनच अगदी बरोबर आहे.

या जंतानं हगवण लागतेच असं नाही. शेळी खाते-पिते, लेंडीही टाकते, आणि आतून पांढरी पडत जाते. ओळखायची खूण डोळ्यात आहे. शेळीचं डोकं काखेत धरावं, अंगठ्यानं वरची पापणी हलकेच दाबावी आणि दुसऱ्या बोटानं खालची पापणी खाली ओढावी. आतली त्वचा लालबुंद असली तर ठीक. गुलाबी फिकट होत गेली तर सावध. कागदासारखी पांढरी दिसली तर त्याच दिवशी औषध, आणि जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबत असेल तर डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नये. दक्षिण आफ्रिकेत याच खुणेवरून पाच रंगांचा तक्ता तयार झाला. फामाचा हे त्याचं नाव फाफा मलान या पशुवैद्यांच्या नावावरून आलं. बहुतेक जंत कळपातल्या थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, हे ध्यानात घेऊन तो बनवला आहे. दर तीन महिन्यांनी सरसकट सगळ्यांना तेच औषध पाजत राहिलं की औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे मागं उरतात. पाहून, गरजेच्या शेळीलाच औषध द्यावं. मात्राही डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, कारण शेळीचं शरीर काही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं आणि मेंढीची मात्रा तिला अपुरी पडते. अर्धवट मात्रेइतकं जंतांच्या पथ्यावर पडणारं दुसरं काही नाही.

लसींचं थोडक्यात. पीपीआर या रोगाची लस करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर एकदा दिली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी. पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत अधाशासारखं खाऊन कळपातली सगळ्यात तगडी करडं रातोरात मरतात, ती बहुधा आंत्रविषारानंच. पशुवैद्यकीय दवाखान्यात या लसी मिळतात. गावातल्या चार घरांनी मिळून तारीख ठरवली तर एक बाटली फोडून वाया जात नाही. अनेक गावांत आता प्रशिक्षण घेतलेल्या पशुसखी आहेत, त्यांची मदत घ्यावी.

लेंडीखत शेणखतापेक्षा नत्रानं सरस असतं. मात्र लेंडीचं कवच कडक, ती तशीच रानात टाकली तर कुजायला वेळ घेते. शिवाय वेड्या बाभळीचं बी शेळीच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि आणखी चांगलं उगवतं. ताजी लेंडी पसरली तर शेतात त्या बाभळीचं रान माजतं. मूत्रानं भिजलेला उरला चारा आणि लेंडी एकत्र खड्ड्यात कुजवून मगच टाकावी. कातड्याचा पैसा शेतकऱ्याच्या हातात फारसा येत नाही, पण तबल्याची पुडी आणि दिमडी त्याच्यावरच बोलतात.

पैदाशीच्या बोकडाकडं आपलं सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. बकरी ईदच्या बाजारात सर्वात देखणा, सर्वात लवकर वाढलेला बोकड आधी विकला जातो. लोणंदच्या, चाकणच्या बाजारात त्यालाच चांगला भाव येतो. मागं राहतो तो कुणी न घेतलेला, आणि मग वर्षभर शेळ्या लावतो तोच. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं की कळप लहानखुरा होत जातो आणि दोष जातीला दिला जातो. त्यावर आपल्याच बोकडानं आपल्याच लेकी-बहिणी लावल्या तर करडं अशक्त निपजतात. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, तेव्हा पाच शेळ्यांच्या घरानं एकट्यानं तो पोसायची गरजच नाही. पाच-सहा घरांनी मिळून एक ठेवावा: भरपूर दुधाच्या, जुळी वाढवून दाखवलेल्या आईच्या पोटचा, दुसऱ्या गावातून आणलेला, आणि दोन वर्षांनी तो बदलावा. बाकीच्या नरांचं खच्चीकरण वेळेत करून घ्यावं. शेळी माजावर आली की एक-दीड दिवसच असते, आणि चुकली तर पुन्हा तीन आठवडे थांबावं लागतं. म्हणून बोकड हाकेच्या अंतरावर हवा. मे-जूनमध्ये लावली तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते; तेव्हा पाऊस सरलेला असतो, रानात पाला असतो, आणि करडं ओलीतल्या खोकल्यातून वाचतात.

विकताना बाजारात अजूनही नजरेवर सौदा होतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि वजनाचा अंदाज व्यापाऱ्याचा नेहमी पक्का असतो. एक टांगता वजनकाटा दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा. त्यावर करडाचं जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन आणि विकतानाचं वजन वहीत लिहावं, शेजारी आईचं नाव किंवा खूण. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकते आणि कुर्बानीला वर्षाचा बोकड लागतो, तेव्हा कोणत्या वेताचा नर ठेवायचा, हेही वहीवरूनच ठरेल. कोणत्या शेळीची दोन्ही करडं जगली आणि कोणती शेळी दर वेताला एक गमावते, हे त्या पानांवर दोन वर्षांत लख्ख दिसतं. पुढच्या वेळी पैशाची नड आली की बाजारात ती दुसरी शेळी न्यावी आणि पहिलीची पाट घरात ठेवावी.